एक दिवसाची वाट

सोयाबीनची मळणी सुरू झाली की जळकोटच्या हवेत एक बारीक, खाजरी धूळ तरंगायला लागते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर ती बसते, पाण्याच्या घागरीवर बसते, नाकात जाते. दुपारचं ऊन इतकं तापतं की पावसाळा आत्ताच संपलाय यावर विश्वास बसत नाही, आणि सकाळी मात्र तुरीवर दव असतं. मग एके दिवशी हायवेच्या कडेनं पावलं वाजायला लागतात. उमरग्याच्या बाजूनं, त्याच्याही पलीकडून, कर्नाटकातून माणसं चालत येतात आणि नळदुर्गावरून तुळजापूरला जातात. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत काही नाही. ट्रकांच्या घरघरीतून मधूनच ‘उदो उदो’ वर येतं. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून मी ते ऐकते, आणि हातातलं काम तसंच राहतं. इतकी वर्षं झाली, तरी दर आश्विनात राहतंच.

माझ्यासाठी हा महिना ऑक्टोबरही असतो. जपमाळेचा महिना. मी वसईची. आमच्या आळीत या महिन्यात रोज संध्याकाळी मरियामातेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात जायची. ज्यांच्याकडे ती मुक्कामाला, त्यांच्या ओटीवर सगळी आळी गुडघे टेकून बसायची. पन्नास वेळा तीच प्रार्थना, पन्नास वेळा तेच मागणं: आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. लहानपणी आमचं अर्धं लक्ष नंतर मिळणाऱ्या उकडलेल्या चण्यांकडे असायचं. पाप म्हणजे काय हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आईच्या डब्यातून चोरून खाल्लेली गोडी शेव, एवढंच माझं पाप.

सरकारी परिचारिकेची नोकरी लागली आणि नेमणूक आली ती थेट जळकोटची. नवरा आखातात, मुलगी शेरॉन तीन वर्षांची. ‘तिला माझ्याकडे राहू दे,’ आई म्हणाली. ‘तू एकटी, ड्यूट्या वेळीअवेळी. तिकडं तिला कोण बघणार?’ ते खरंच होतं. त्यात काही खोट काढता येण्यासारखी नव्हती, आणि म्हणूनच बहुधा मी लगेच हो म्हटलं. लगेच. त्या ‘लगेच’चा मी नंतर फार विचार केला आहे. वर्षभरात बदली मिळेल असं सगळेच म्हणत होते. ती मिळाली नाही. पुढं मीही तितक्या जोरानं मागितली नाही. इथं माझ्या हाताखाली बाळं जन्माला येत होती, बायका माझं नाव काढत येत होत्या. मला इथं बरं वाटत होतं. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय.

वसईत सिस्टर म्हणजे घरदार सोडून देवाला वाहून घेतलेली जोगीण. जळकोटला पहिल्याच दिवसापासून लहानथोर सगळे मला सिस्टर म्हणायला लागले. नर्सला सगळीकडेच म्हणतात. पण मला वाटायचं, घर तर मीही सोडलंय. फक्त देवासाठी नाही.

भाड्याच्या खोलीत कोनाड्यात मी मरियामातेची एक वीतभर मूर्ती ठेवली होती. निळी शाल, कडेवर बाळ. घरमालकीण केवळबाई. त्यांना मी मावशी म्हणायची. नवरात्रात त्या आपल्या देवीच्या घटाला माळ घालायच्या आणि उरलेली झेंडूची फुलं घेऊन माझ्या दारात उभ्या राहायच्या.

“सिस्टर, तुमच्या आईसाहेबांना चालतेत का ही फुलं?”

“चालतात की, मावशी.”

“देवीच हाय न्हवं ही बी?”

“देवी नाही. माणूसच. देवाची आई. तिच्याकडे आम्ही काही मागत नाही, म्हणजे मागतो, पण ती देत नाही. ती आमच्यासाठी देवाकडं मागते.”

मावशींनी फुलं ओंजळीत सावरली. “म्हंजी बापाला सांगायची भीती वाटली की आईला मधी घालतोत, तसं.”

“अगदी तसंच.”

“मग बरं हाय,” असं म्हणून त्यांनी फुलं मूर्तीच्या पायाशी ठेवली आणि बाळाच्या डोक्यावरही एक पाकळी टेकवली. धर्मशिक्षणाच्या वर्गात मध्यस्थी हा शब्द मी कितीदा घोकला होता. इतका सोपा तो मला कधी झाला नव्हता.

मला जळकोटला येऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या वर्षी चालणाऱ्यांसाठी गावातल्या मंडळींनी हायवेला मंडप टाकला होता. केळी, खिचडी, पाण्याचे ड्रम, आणि एका कोपऱ्यात पायांच्या मलमपट्टीसाठी मी. ऊन उतरणीला लागलं होतं. महानंदा नावाची एक बाई माझ्यासमोर बसली होती. बसवकल्याणकडची. मराठी बोलायची, पण मधूनच कानडीत शिरायची. टाचेवरचा फोड फुटून माती आत गेली होती. मी ती पुसत होते आणि ती ओठ दाबून, दुखणं लपवायला बोलत होती. पोरीच्या जिवाला नवस होता. पोरगी वाचली म्हणून ती चालत निघाली होती.

“पोरगी कुठाय?” मी विचारलं.

“भागी? मागं टेंपोत हाय. नणंदेजवळ. सहा वर्साचं लेकरू, किती चालंल?”

थोड्या वेळानं सामानाचा टेंपो मंडपापाशी येऊन थांबला. तिचा नवरा उतरला, नणंद उतरली, गाठोडी उतरली. महानंदा मान उंच करून बघत राहिली.

“भागी झोपली का?” तिनं विचारलं.

नणंद जागच्या जागी थांबली. “भागी? ती तर तुमच्याबरूबर चालत होती की, वैनी.”

पातेल्यातली खिचडी वाढणाऱ्या माणसाचा हात थांबला. महानंदा उठली आणि तशीच हायवेकडे धावली. अर्धवट बांधलेली पट्टी तिच्यामागं डांबरावर उलगडत गेली. एका ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. मी धावत जाऊन तिला दंडाला धरून मागं ओढलं.

टेंपो वळवला. नवरा पुढं ड्रायव्हरजवळ, मी आणि ती मागच्या हौद्यात. मी का चढले ते सांगता येत नाही. तिची पट्टी पुरी करायची होती, असं मी स्वतःला सांगितलं. समोरून चालणाऱ्यांच्या झुंडी येत होत्या आणि आम्ही त्यांच्या उलट दिशेनं चाललो होतो. दर झुंडीपाशी ती हौद्याबाहेर वाकायची. “लाल परकराचं लेकरू बघितलं का? ह्येवढं?” लोक मान हलवायचे. एकजण म्हणाला, “लेकरू कसं काय इसरलीस बाई?” दुसऱ्या झुंडीतली म्हातारी म्हणाली, “आई हायस का कोन हायस?” पुढं बसलेल्या बापाला कुणी काही विचारलं नाही.

आणि मीही विचारलं ते तिलाच. घाईनं, वैतागून, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतो तशा आवाजात. “पण तुमचं लक्ष कुठं होतं? सकाळपासून एकदाही बघावंसं वाटलं नाही?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. “तुम्हाला लेकरं हायत का, सिस्टर?”

“आहे. एक मुलगी.”

“कुठं हाय?”

“वसईला. माझ्या आईजवळ.”

ती पुन्हा रस्त्याकडं बघायला लागली. तिनं टोमणा मारला असता तर सोसलं असतं. तिला तेवढं भानच नव्हतं. माझं उत्तर माझ्याच कानात पडून राहिलं. महानंदाला पोरगी नणंदेजवळ आहे असं वाटत होतं, आणि ती तिथं नव्हती. माझी पोरगी जिथं आहे असं मला वाटत होतं, तिथंच ती खरोखर होती. पण मीही सकाळपासून एकदा तरी तिची आठवण काढली होती का? मी आठवून बघितलं. नव्हती काढली. फोड, मलम, पट्ट्या. दिवस गेला होता.

येणेगूरच्या अलीकडं रस्त्याकडेला एक पत्र्याचं हॉटेल होतं. सकाळी त्यांच्या दिंडीनं तिथं चहा घेतला होता. बाजेवर हॉटेलवाल्याची बायको बसली होती आणि तिच्या शेजारी लाल परकरातली एक पोर लाल मिरच्यांची देठं खुडत होती. एका बाजूला मिरच्या, दुसऱ्या बाजूला देठं, नीट ढीग घातलेले.

“बाकड्याखाली झोपली होती बघा,” हॉटेलवाली म्हणाली. “उठली तवर तुमी सगळे गेल्ते. म्हटलं, रडू नको, कोनतरी येतंलच.”

महानंदानं आधी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. मग तिला पोटाशी धरलं आणि इतका वेळ अडकलेलं रडू बाहेर आलं. “कुठं हरवलीस गं, कुठं हरवलीस!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मिरचीचे हात आईला लागू नयेत म्हणून पोरीनं ते वर धरले होते. मग तिनं शांतपणे म्हटलं, “मी तिथंच होते, अव्वा. तूच गेलीस.”

तिच्या आवाजात राग नव्हता. जे झालं होतं ते ती सांगत होती. महानंदा रडत रडत हसली. बापही हसला, हॉटेलवाली हसली. मला हसता आलं नाही.

परत येताना पोर आईच्या मांडीवर झोपली. महानंदा मात्र तशीच ताठ बसून होती. खूप वेळानं तिनं हलक्या आवाजात विचारलं, “सिस्टर, आई माफ करंल का? तिनंच दिलेलं लेकरू, तिच्याच वाटंवर इसरले.”

मी काही विचार न करता म्हणाले, “करेल. तिचंही एकदा हरवलं होतं.”

“व्हय? कधी?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती एका आईबद्दल विचारत होती आणि मी दुसरीबद्दल बोलले होते. “तुमच्या नव्हे, आमच्या,” मी म्हणाले. “मरियामातेचं.” आणि टेंपोच्या धक्क्यांत, एका हातानं कड धरून, मी तिला शुभवर्तमानातली ती गोष्ट सांगितली. ते गावातल्या सगळ्यांबरोबर चालत यरुशलेमला सणाला गेले होते. मुलगा बारा वर्षांचा. सण झाला, माघारी निघाले. बायकापुरुषांचा मोठा घोळका, सगळे नात्यातले, ओळखीचे. तिला वाटलं तो कुणाबरोबर तरी असेल. एक दिवसाची वाट चालून झाल्यावर ती त्याला शोधायला लागली. तो घोळक्यात कुठंच नव्हता. मग माघारी. तीन दिवसांनी सापडला, मंदिरात.

“एक दिस?” महानंदानं विचारलं. “दिसभर कळलंच न्हाय तिला?”

“नाही.”

“मग सापडल्यावर काय म्हनली?”

“असा का वागलास रे, म्हणाली. तुझे वडील आणि मी किती घाबरून शोधत होतो.”

“आन् ते काय म्हनलं?”

“म्हणाला, मला शोधत कशाला होता? मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे ठाऊक नव्हतं का? तिला ते समजलंच नाही. तसं लिहूनच ठेवलंय, तिला समजलं नाही म्हणून.”

महानंदानं झोपलेल्या पोरीकडं बघितलं. “दिसभर लेकरू इसरली, तरी बी लोकं तिला देवाची आई म्हनतेत?”

“हो.”

तिनं एक लांब श्वास सोडला. मग पदराचं टोक घेऊन झोपलेल्या पोरीच्या मनगटाला गाठ मारली, आणि प्रथमच पाठ मागं टेकली. मंडपापाशी मी तिची पट्टी पुन्हा बांधली. दिवस मावळायच्या आत त्यांची दिंडी नळदुर्गाकडं निघूनही गेली. ती मला पुन्हा कधी भेटली नाही.

तिला मी जो दिलासा दिला तो माझ्यापर्यंत मात्र पोचला नाही. गोष्ट मीच सांगितली होती, पण सांगतानाच ती मला वेगळी दिसायला लागली होती. शुभवर्तमानात दुसरीकडं काना गावच्या एका लग्नाची गोष्ट आहे; तिथं द्राक्षारस संपला तेव्हा यजमानाच्याही आधी ते मरियेच्या लक्षात आलं होतं. परक्याच्या घरातली उणीव जिला दिसते, तिला स्वतःचं मूल दिवसभर दिसलं नाही. हे शुभवर्तमानकारानं का लिहून ठेवलं असेल? झाकता आलं असतं. आम्ही जपमाळेत ही घटना आनंदाच्या रहस्यांत, म्हणजे माळ जपताना आठवायच्या आनंदाच्या प्रसंगांत मोजतो, कारण मूल सापडलं. आणि मरियेची सात दुःखं मोजताना तीच घटना दुःखांतही मोजतो, कारण ते हरवलं. लहानपणापासून दोन्ही प्रार्थना मी म्हणत आले, पण ती एकच बाई आहे, एकच वाट आहे, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. त्या दुःखात तिचा दोषही होता का? तिनं नंतर नवऱ्याला, योसेफाला, ‘मला वाटलं तुझ्याबरोबर आहे’ असं म्हटलं असेल का? पुढं मुलाच्या क्रुसापाशी तिला करता येण्यासारखं काही नव्हतं. ती नुसती उभी राहिली. पण त्या पहिल्या दिवशी ती मागं वळून बघू शकली असती. हे तिला म्हातारपणीही आठवत असेल, असं मला वाटतं. हे सगळं तिनं आपल्या मनात ठेवलं, एवढंच लिहिलंय. मनात ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या वर्षी कळलं.

त्या संध्याकाळी मी वसईला फोन लावला. मागून प्रार्थनेचा एकसुरी गजर ऐकू येत होता. मूर्ती आमच्याच घरी मुक्कामाला होती. “शेरॉनला दे,” मी आईला म्हटलं. फोनवर धावपळ ऐकू आली, मग तिचा श्वास.

“मम्मी, मी आता माळ सांगतेय. मग बोलते हां.”

आणि पलीकडं तिनं ओरडून म्हटलेलं मला ऐकू आलं, “आई, घे फोन!” आजीला ती आई म्हणायची. मी मम्मी होते. हे काही नवं नव्हतं, वर्षानुवर्षं असंच होतं. त्या संध्याकाळी मात्र फोन ठेवल्यावर मी कोनाड्यासमोर बसले आणि एकदाही माळ हातात घेतली नाही.

पुढच्या जूनमध्ये मी तिला जळकोटला घेऊन आले. हट्टानं, आईचं न ऐकता. नळदुर्गाच्या शाळेत नाव घातलं. केवळबाईंनी तिच्यासाठी धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली. ती ताटासमोर बसायची आणि माशाचं कालवण आठवायची. पोरं तिच्या बोलण्याला हसायची. ती रडायची नाही, नुसती बारीक होत चालली. माझी ड्यूटी असली की मावशी तिला आपल्या पंखाखाली घ्यायच्या. एकदा मी घरी आले तर ती त्यांच्या ओसरीवर बसून त्यांना शिकवल्यासारखं सांगत होती, “माझी आई वसईला असते.” दिवाळीच्या सुट्टीत मी तिला परत पोचवलं. वसईच्या स्टेशनवर आईला बघून तिनं माझं बोट सोडलं. धावली. मी बॅगा घेऊन मागून गेले. पहिल्यांदा मी तिला तिच्या घरी सोडून आले होते. दुसऱ्यांदा तिच्या घरातून उचलून आणलं होतं. दोन्हींतलं मोठं पाप कोणतं, हे सोलापूरच्या चर्चमध्ये फादरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “यात पाप नाही.” मला ते ऐकून हलकं वाटलं नाही. पाप असतं तर क्षमा तरी मागता आली असती.

गेल्या वर्षी आई गेली. शेरॉन आता बँकेत आहे, वडील अजून आखातातच, त्याच घरात एकटी राहते. या आश्विनात रजा टाकून ती जळकोटला आली, न कळवता. मी मंडपात होते. हायवे आता चार पदरी झालाय, मंडप मोठे झालेत, पाय तेच आहेत. ती दिवसभर माझ्या शेजारी स्टुलावर बसली, कापूस कापून देत होती, पाण्याच्या बाटल्या पुढं करत होती. मावशी आता थकल्यात. त्याही काठी टेकत येऊन तिचा चेहरा चाचपून गेल्या.

संध्याकाळी खोलीवर आलो. दोघीही धुळीनं माखलेल्या. मी उंबऱ्यात बसले, ती भिंतीला टेकून. इतकी वर्षं ज्याची जुळवाजुळव केली होती ते मी बोलून टाकलं. “शेरॉन, तू तीन वर्षांची होतीस. मी तुला तिथं सोडलं आणि इथं रमले. मला त्याचं...”

“मम्मी,” तिनं मला तोडलं. “मला आजी होती. तुला इथं कोण होतं?”

आजी म्हणाली ती. आयुष्यात पहिल्यांदा. मावशी होत्या, असं म्हणता आलं असतं. पेशंट होते, गाव होतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं.

“कुणी नव्हतं गं,” मी म्हणाले.

हे वाक्य मी कधी कुणाला बोलले नव्हते, कोनाड्यातल्या मूर्तीलाही नाही. जी सोडून आली तिला एकटं वाटायचा हक्क नसतो, असं मी कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि मग त्यावर पुन्हा विचारच केला नव्हता.

ती उठली, गॅसपाशी गेली, पातेलं शोधलं, पाणी ठेवलं. डबे उघडून बघायला लागली. एकात डाळ, एकात पोहे, एकात जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या.

“साखर कुठं ठेवतेस, मम्मी?”

माझ्या घरात साखर कुठं असते हे माझ्या मुलीला ठाऊक नव्हतं. एरवी मी झटकन उठले असते, तिच्या हातातून डबा घेतला असता. या वेळी उठले नाही. बसल्या जागेवरून सांगत राहिले. “वरच्या फळीवर. डाव्या हाताला. नाही, तो मिठाचा. अजून जरा मागं.”